शरदातला कोकणी सडा: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

परदेशातल्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी होतात. ते फोटो बघून दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आपल्याकडे असं कुठे दिसेल? कोकणात झाडांकडे बघून तरी दिसणार नाही. पावसाळा नुकता संपत आलेला असतो, झाडं हिरवीगार असतात. इथली पानं रंग बदलतात ती थेट फेब्रुवारी-मार्चात. शरदातला रंग इथे पायाखाली असतो, सड्यावर.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात किनाऱ्याला लागून, खाड्यांच्या मधे मधे, असे सडे पसरलेले आहेत. मे महिन्यात बघाल तर काळाठिक्कर कातळ, झाड नाही, सावली नाही, चटके मात्र भरपूर. सरकारी कागदावर यातली बरीचशी जमीन पडीक म्हणून लागलेली असते. तोच कातळ पावसाच्या चार महिन्यांत निळा, पांढरा, पिवळा, गुलाबी होऊन जातो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून निघा. हे राष्ट्रीय उद्यान नाही. साताऱ्याच्या कास पठारावर हंगामात आधी नोंदणी करावी लागते, माणसं उभी असतात. सड्यावर यातलं काही नाही. फाटक नाही, तिकीट नाही, पाटी नाही, शिट्टी मारणारा रखवालदार नाही. म्हणून तिथे जाताना रखवालदारही आपणच व्हायचं. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

कधी यायचं

पहिल्यांदा येत असाल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. यात थोडंफार मागेपुढे होतं, कारण सगळा कारभार पावसावर. सड्यावरची माती जेमतेम दोन बोटं, कुठे तेवढीही नाही. पाऊस लांबला तर फुलं टिकतात. आठवडाभर कडक ऊन पडलं तर पाणथळ जागा आटतात आणि निळा रंग बघता बघता जातो.

सगळी फुलं एकदम येतात असा अनेकांचा समज असतो. तसं नसतं, पाळ्या असतात. पहिल्या पावसाबरोबर, जून-जुलैत, दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही वनस्पती कोकणची खास आहे. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. तिच्यासाठी यायचं तर छत्री घेऊन जूनमध्ये या, दसऱ्याला ती भेटणार नाही. श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि कळलावी. मग सीतेची आसवं, गेंद, कवला. ऑक्टोबर सुरू झाला की गवत पिकायला लागतं आणि सगळा सडा तांबूस-सोनेरी होतो. फुलांच्या मागे लागणारी मंडळी या गवताला मोजत नाहीत. माझ्या मते संध्याकाळच्या उन्हातलं पिकलेलं गवत फुलांपेक्षा कणभर सरसच.

तारीख ठरवताना कॅलेंडर उघडून गणपती कधी आहेत ते बघा. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. तिच्या आधीचा आठवडा आणि विसर्जनानंतरचे दिवस मुंबई-कोकण रस्ता आणि रेल्वे चाकरमान्यांची असते. त्यात फुलं बघायला येणाऱ्यांनी पडू नये. अनंत चतुर्दशीनंतर चार दिवस जाऊ द्या.

यायचं कसं, राहायचं कुठे

रेल्वे सगळ्यांत बरी. रत्नागिरीला जवळपास सगळ्या गाड्या थांबतात. दक्षिणेकडे जायचं तर कणकवली, कुडाळ. राजापूर रोड स्टेशनावर उतरणार असाल तर स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब आहे, पुढच्या रिक्षेची सोय आधी बघून ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि या हंगामात पटकन भरतं. ऑक्टोबरात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक अजून चालू असू शकतं. त्यात गाड्या सावकाश धावतात आणि वेळा वेगळ्या असतात, तेव्हा मागच्या डिसेंबरच्या वेळा धरून बसू नका. घाटावरून येणाऱ्यांना आंबा घाट सरळ पडतो, सिंधुदुर्गासाठी फोंडा किंवा आंबोली. घाटात या दिवसांत दरड येऊ शकते, रात्रीचा प्रवास टाळा.

गावोगावी एसटी जाते, पण दिवसातून मोजक्या फेऱ्या. सकाळच्या एसटीने जाऊन दुपारच्या एसटीने परत, हे जमतं. मात्र परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून घ्यायची. चार जण असाल तर रत्नागिरीतून दिवसभराची रिक्षा ठरवा. तिथल्या रिक्षावाल्याला आडवाटा गुगलपेक्षा चांगल्या माहीत असतात.

राहायला गणपतीपुळ्याला एमटीडीसीचं, म्हणजे पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, बाकी किनाऱ्याने घरगुती निवास ठिकठिकाणी. जेवण आदल्या दिवशी सांगायचं. आयत्या वेळी गेलात तर कुळथाची पिठी आणि भात मिळेल, म्हणजे तसं काही बिघडलं नाही. घट बसल्यावर बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. सुरमईचं स्वप्न घेऊन येणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

कुठला सडा

नवख्याने एकच पट्टा धरावा. मी रत्नागिरीच्या दक्षिणेचा किनारी रस्ता सुचवीन. भाट्याच्या पुलाने काजळी नदीची खाडी ओलांडली की चढ लागतो आणि गोळप-पावसकडे जाताना सडा सुरू होतो. पावस, पूर्णगड, गावखडी, मग कशेळी आणि आडिवरे. मधे खाडीला उतरायचं, परत सड्यावर चढायचं, असा रस्ता आहे. खाली माडाची आगरं, वर उघडा कातळ. हा चढउतार बघितला की कोकणची जमीन कळायला लागते. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आणि आडिवऱ्याला महाकालीचं. नवरात्रात आडिवऱ्याला गर्दी असते.

उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड, जयगड हाही पट्टा चांगला, फक्त शनिवार-रविवारी वाहनं फार. सिंधुदुर्गात देवगड ते मालवण, आचरा-मसुऱ्याच्या आजूबाजूला. 'तो अमुक फोटोतला सडा' शोधत फिरू नका. जिथे गेल्या वर्षी फुलं होती तिथे यंदा कलमांची बाग किंवा चिरेखाण असू शकते. कातळ सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून हापूस लावतात. मालकाच्या दृष्टीने त्यात वावगं काही नाही, त्याचं पोट त्यावर आहे. फुलांचं काय होतं ते दिसतंच.

आधी विचारा

सडा ओसाड दिसला तरी कोणाच्या तरी मालकीचा असतो. बहुतेकदा चार भावांच्या सामायिक नावाचा, त्यातले दोघे मुंबईला. त्यामुळे लेखी परवानगी वगैरे कोणी मागत नाही, पण विचारायला हवं. रस्त्यालगतच्या घरात किंवा दुकानात थांबा. "काका, फुलं बघायला वर सड्यावर गेलं तर चालेल ना?" एवढं पुरतं. "कुठनं आलात? कोणाकडे?" हे प्रश्न येणारच. त्यांची नीट उत्तरं द्या, ती चौकशी म्हणजेच परवानगी. पाचदहा जणांचा गट असेल तर सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या कानावर घाला.

विचारण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. कुठे पाणी साठतं, कुठे निसरडं आहे, गुरं कुठल्या बाजूला असतात, हे गुराख्याइतकं कोणाला माहीत नसतं. वाटेत गडगा आला, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची रचलेली कोरडी भिंत, तर त्यावरून उडी मारू नका. चिरे निसटतात, आपलाही पाय जातो. जवळपास जायला वाट ठेवलेली असते. बेडं म्हणजे आडव्या बांबूंचं फाटक उघडलं तर परत लावा, नाहीतर गुरं भातात शिरतात आणि मग पुढच्या येणाऱ्याला परवानगी मिळत नाही.

गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची. मोकळा सपाट कातळ दिसला की त्यावर गाडी घालण्याचा मोह काहींना आवरत नाही. टायरच्या एका फेरीने ती दोन बोटं माती निघते, आणि ती साठायला किती पावसाळे गेले असतील कोण जाणे.

चालायचं कसं, बघायचं कसं

सकाळी सातच्या आसपास सड्यावर असायला हवं. केन्यासारखी फुलं उन्हं चढली की मिटतात, आणि अकरानंतर ऑक्टोबरचं ऊन आपल्यालाही मिटवतं. पाणी दीड-दोन लिटर, टोपी, हलका रेनकोट. छत्री वाऱ्यात उलटी होते. पायात पकड असलेले बूट किंवा सँडल. ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे स्लिपर घातली की आपटलोच. एक साधं भिंग जरूर आणा. ते नसेल तर निम्मं दिसणार नाही, कारण इथली पुष्कळ फुलं तांदळाच्या दाण्याहून फार मोठी नसतात.

पाय शक्यतो उघड्या काळ्या कातळावर ठेवायचा. मातीवर नाही, गवतावर नाही, पाण्याच्या डबक्यात तर नाहीच. सड्याची माती उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसते, पण पुढच्या वर्षीचे कंद आणि बिया तिच्यात असतात. फोटोसाठी आडवं पडणाऱ्यांनी आधी खाली काय आहे ते बघावं. एका फुलाच्या फोटोखाली चाळीस फुलं चिरडलेली असतात. उकिडवं बसा, कॅमेरा खाली न्या, तेवढ्याने होतं.

आता बघायचं कशाला? नावांची यादी पाठ करण्यापेक्षा पाणी बघा. सड्यावर कोण कुठे उगवतं हे पाणी किती आहे त्यावर ठरतं.

कातळातल्या खोलगट जागी साचलेल्या डबक्यांपासून सुरू करा. त्यात कुमुदिनीची पांढरी, झालरीच्या कडांची फुलं दिसतील. बेडकांची पिल्लं असतील. पाण्यात हात घालू नका. हाताला लावलेलं कीटकरोधक मलम त्यांना बाधतं.

डबक्याच्या काठावर, जिथे माती कायम ओली आणि वरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहता, तिथे सीतेची आसवं. निळीजांभळी, नाजूक, एकेका काडीवर दोन-चार. लांबून नुसता निळा पट्टा दिसतो. दिसायला इतकी गरीब, पण ही मांसाहारी वनस्पती आहे. तिच्या जमिनीखालच्या भागावर बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात आत ओढला जातो. कारण सरळ आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, पण झाडाला लागणारं नत्र धुऊन गेलेलं. मातीत मिळत नाही ते किड्यांतून मिळवायचं. उपटून पिशव्या बघण्याची इच्छा होईल, ती दाबून टाका.

तिच्या शेजारीच दवबिंदू शोधा. हिच्या बारीक पानांवर तांबूस केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळच्या तिरप्या उन्हात ते चमकतात, नंतर सापडणं कठीण. भिंगातून बघितलं तर एखादं चिलट अडकलेलं दिसेलच. आणि गेंद: सरळ काडी, वर पांढरं गोल बोंड. एकटा बघितला तर काही विशेष नाही, पण हजारोंनी फुलतो तेव्हा अख्खा उतार पांढरा होतो.

थोडी चढाची, निचऱ्याची जागा आली की पिवळा कवला. त्याच्या एका जातीच्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असतात, म्हणून पोरं त्याला मिकी माऊस म्हणतात. कवल्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते. तेरडाही याच बाजूला, गौरी गेल्या तरी तो काही दिवस रेंगाळतो. कातळाच्या भेगांमध्ये आभाळी, बारीक नेचे, शेवाळ. सड्याच्या कडेला, झुडपं सुरू होतात तिथे कळलावी चढलेली असते, लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी. ती डोळ्यांनीच बघा. तिच्या सगळ्या अंगात, विशेषतः कंदात, जहाल विष असतं. बरोबर लहान मुलं असतील तर तिच्याकडे आधी लक्ष ठेवा. त्याच झुडपांत कवंडळाची लालभडक फळंही लोंबताना दिसतात, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला, म्हणजे लाकडी चौकटीला बांधतात ती. तीही खायची नाहीत.

ओळख पटत नसेल तर फोनवर आयनॅचरलिस्ट हे ॲप ठेवा, फोटोवरून अंदाज सांगतं. दुर्मीळ काही सापडलं तर नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गावाचं नाव पुरे, तेही विचार करून.

दोन-तीन तास एका फुटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत सहज जातात. दिवसाला पाच सडे करणाऱ्यांना पाचही सारखेच दिसतात.

फुरसं, विंचू, वीज

घाबरवायचं नाही, पण रत्नागिरीचा कातळ फुरशासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. साप लहान, मातकट रंगाचा, दगडासारखाच दिसतो. डिवचला की अंगावरचे खवले घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो. विष गंभीर आहे. म्हणून दगड उलटायचे नाहीत, भेगांत हात घालायचा नाही, बसायच्या आधी जागा बघायची. विंचवांचंही तेच. लाल विंचू चावून कोकणात पूर्वी माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यावर उपाय दाखवला, तेव्हापासून चित्र पुष्कळ बदललं.

चावलंच तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. सड्यावर सगळीकडे फोनला रेंज नसते, म्हणून कुठल्या सड्यावर जातोय ते मुक्कामाच्या घरी सांगून निघा. एकट्याने जाऊ नका.

मला स्वतःला सापापेक्षा विजेची भीती जास्त वाटते. हस्त नक्षत्रातला पाऊस, आमच्याकडे त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात, दुपारनंतर गडगडाट करत येतो. उघड्या सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे आपण. पूर्वेला सह्याद्रीच्या बाजूने ढग काळे झाले, लांबून का होईना गडगडलं, की आवरतं घ्या. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. गाडीत किंवा पक्क्या घरात जायचं. सकाळी लवकर जाण्याचं हेही एक कारण.

त्याच कातळावरची चित्रं

सड्यावर आलाच आहात तर कातळशिल्पं बघून जा. प्रागैतिहासिक माणसांनी जांभ्यात कोरलेली ही चित्रं रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठ्या संख्येने सापडली आहेत. २०२२ मध्ये त्यांतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवी हसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी ही महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसामाळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. वर सांगितलेल्या रस्त्यावर कशेळी येतंच. तिथला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवरून तो एका नजरेत मावत नाही, कडेने सावकाश फिरावं लागतं. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन जा, शिल्पापाशी त्याची सुई भरकटते.

सप्टेंबरात कोरीव रेषांत पाणी आणि गवत असतं, त्यामुळे चित्र अर्धवट दिसतं. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरू नका, पाय ठेवून फोटो काढू नका. भोवती गडगा असेल तर बाहेरूनच बघा.

भात

सड्यावरून उतरताना खाली मळ्यांत भात पिवळं झालेलं दिसेल. हळवं भात आधी पिकतं, गरवं दिवाळीच्या आसपास, त्यामुळे ऑक्टोबरात एकाच मळ्यात हिरव्यापासून सोनेरीपर्यंत सगळ्या छटा असतात. बांधावरून चालायला हरकत नसते, कापणी चालू असेल तर विचारून. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, या दिवसांत लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची साथ असते.

झाडांचेच रंग हवे असतील तर

मग फेब्रुवारी-मार्चात पुन्हा या, रायगड जिल्ह्यात. मुरूडजवळच्या फणसाड अभयारण्यात तेव्हा पानगळ चालू असते, आणि कोशिंबाला लालचुटूक कोवळी पालवी येते. लांबून बघणाऱ्याला ती पानगळीचा रंगच वाटते, प्रत्यक्षात ती नवी पानं असतात. पळस, पांगारा, सावर त्याच सुमारास फुलतात. फणसाड ही एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा. आतल्या पाणवठ्यांना तिथे 'गाण' म्हणतात, आणि नशीब असेल तर शेकरू दिसतं. तिथे मात्र फाटक आहे, शुल्क आहे, वनखात्याची माणसं आहेत. सुपेगावच्या बाजूने प्रवेश मिळतो. मुंबईकरांना एक दिवसात उरकायचं तर पनवेलजवळचं कर्नाळा, क्षेत्र जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण वाटा चांगल्या.

कुठेही जा, निघताना बुटांचे तळवे आणि मोजे झाडून घ्या. मोज्यांना कुसळं आणि रानमोडी या उपऱ्या तणाच्या बिया चिकटलेल्या असतात. त्या एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर न्यायच्या नाहीत, तिथेच रस्त्याच्या कडेला डांबरावर झटकायच्या आणि मग गाडीत बसायचं.